सद्योव्रण : ग्रंथातील आणि दारातील

धन्वंतरी जयंतीच्या व्याख्यानांतून आपण सुश्रुताचार्यांचे स्मरण अभिमानाने करतो. सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट हे सहा प्रकार, रक्तस्राव थांबविण्याचे चार उपाय, एकशे सात मर्मे हे सारे आपणांस मुखोद्गत असते. परंतु अपघातग्रस्त मनुष्य दवाखान्याच्या दारात आणला जातो, तेव्हा या ज्ञानाचा त्यास कितपत उपयोग होतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. मृतांत सर्वाधिक दुचाकीस्वार होते आणि सुमारे दोन तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील, म्हणजे घरातील कर्ती माणसे होती. भाजणे, पडणे, बुडणे यांमुळे होणारे मृत्यू यात नाहीत.

व्यवसायाच्या प्रारंभीचा एक प्रसंग मला आजही टोचतो. दुचाकीवरून पडलेला एक तरुण सायंकाळी स्वतः चालत आला. कानशिलाजवळ खरचटलेले होते. क्षणभर शुद्ध हरपली होती, असे सोबतचा मित्र म्हणाला. नाडी ठीक, बोलणे स्पष्ट. मी जखम धुतली, पट्टी बांधली, वेदनाशामक देऊन त्यास घरी पाठविले. मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या. पहाटे तो गेला. कवटीच्या आत रक्तस्राव होत असतानाही रुग्ण काही तास शुद्धीवर राहू शकतो, हे मी शिकलो होतो. शंख हे सद्यःप्राणहर मर्म आहे, हे तर पाठच होते. त्या सायंकाळी यांतील काहीच आठवले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, गंभीर आघातात आपले पहिले कर्तव्य वेळ न दवडणे हे होय. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, मान हलवू नये, तोंडाने काही देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वेळ, नाडी व शुद्धीची अवस्था चिठ्ठीवर लिहून द्यावी. औषध विक्रेत्या बंधूंनीही डोक्यास मार बसलेल्यास केवळ गोळी देऊन वाटेस लावू नये. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, एवढे अवश्य विचारावे व त्यास त्वरित रुग्णालयात धाडावे.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने काही जण रुग्णास हातही लावत नाहीत. जखमीस तातडीचे साहाय्य देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षणही दिले आहे.

राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेत आपलेच अनेक बी.ए.एम.एस. बांधव रात्रंदिवस काम करीत आहेत. संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून एकदा त्यांना पाचारण करून प्रात्यक्षिक वर्ग घ्यावा आणि सभासदत्वाच्या नूतनीकरणास त्याची उपस्थिती बंधनकारक करावी. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला? सुश्रुताचार्यांचे नाव घेणाऱ्याने एवढे तरी करावयास हवे.