नामांतरासाठी लढलेल्यांनीच नावं पुसायची?

पातूर असो की बाळापूर, आपल्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जा. लेखांचा ढीग पडलेला दिसेल आणि बहुतेकांच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव नसेल. कुणीतरी फेसबुकवरून मजकूर उचलतो, नावाची ओळ खोडतो, 'जसा आला तसा पाठवला' असं लिहून पुढे ढकलतो. काही महाभाग तर तिथे स्वतःचं नाव आणि पद टाकतात. आम्ही याला चोरी म्हणतो. समाजासाठी केली तरी चोरीच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'विचार पोचणं महत्त्वाचं, नावाचं काय एवढं?' आंबेडकरी माणसाच्या तोंडून हे ऐकलं की आमचं डोकं फिरतं. नावाचं काय एवढं, हे मराठवाड्यात जाऊन विचारा! २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि ते नाव फलकावर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसं मेली. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांनी हाक मारली गेली, त्यातली एक पोरगी आज स्वतःच्या नावाने शिष्यवृत्तीवर, अ‍ॅट्रॉसिटीवर लिहिते आणि आपलाच कार्यकर्ता ते नाव अंगठ्याने पुसतो. मग व्याख्यानाचं बोलावणं भलत्याला जातं. लेखात चूक निघाली तर जाब विचारायलाही कुणी उरत नाही.

नाव कापायची सवय लागली की खोटं नाव चिकटवायचीही लागते. बाबासाहेबांचा फोटो, निळी पार्श्वभूमी आणि खाली कुणाचंही वाक्य. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड काढले आहेत, पण ते उघडायला कुणाला वेळ आहे? आपल्या सर्वांत लाडक्या घोषणेचंच घ्या. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतल्या इंग्रजी भाषणात क्रम आहे तो आधी शिक्षण, मग चळवळ, मग संघटन. आपल्या बॅनरवर संघटन दुसरं आणि संघर्ष शेवटी. म्हणजे आधी कार्यकारिणी, पदं, लेटरहेड, आणि लढा जमलं तर! विदर्भातच झालेलं भाषण विदर्भातच उलटं फिरतंय.

आता दुसरी बाजू. कुणीतरी महापुरुषांची विटंबना करतो. त्याची पोस्ट त्याच्या चार मित्रांनी पाहिलेली असते. आपण वर 'जाहीर निषेध' लिहून ती जशीच्या तशी शंभर ग्रुपवर टाकतो. त्याला हवी होती ती प्रसिद्धी आपण फुकटात देतो, आणि वस्तीतल्या आजीच्या फोनवर ती शिवी आपल्याच हाताने पोचते. १३ मे २०२३ ला अकोल्याच्या जुन्या शहरात एका सोशल मीडिया पोस्टवरून दंगल पेटली. एकाचा जीव गेला, गाड्या जळाल्या, इंटरनेट बंद झालं. पातूरहून अकोला तासाभरावर. अशा वेळी पोस्ट लिहिणारा आणि ती पसरवणारा यांत जमाव फरक करत नाही. कोर्टही करत नाही. तमिळनाडूतले एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांबद्दलची दुसऱ्याची घाण पोस्ट शेअर केली आणि नंतर सांगितलं, डोळ्यांत औषध घातलं होतं, न वाचताच गेली. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट, दोघांनीही ऐकलं नाही. त्यांच्याकडे मोठे वकील होते. आपल्या पोराचा फोन जप्त झाला तर वकिलासाठी वर्गणी करावी लागते.

म्हणून विटंबनेची पोस्ट दिसली की लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट जपा, तक्रारीला जोडा. ग्रुपवर एवढंच सांगा, की काय घडलं, तक्रार कुठे दिली, कोण सोबत येतंय. आपल्या माणसाचं लिखाण असेल तर मूळ पोस्टच शेअर करा, म्हणजे वाचकांचं म्हणणं तिच्यापर्यंत जातं. कॉपी करावीच लागली तर नाव पहिल्या ओळीत घाला. लांब मजकूर व्हॉट्सअ‍ॅप अर्ध्यावर दुमडतं, शेवटची ओळ कोण उघडतो?

नाव गाळायचंच असेल तर ते अत्याचार झालेल्या बाईचं गाळा, आणि फोटोही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. न्याय मागणारी पोस्ट असली, तरीही.

१४ एप्रिलच्या आधी तालुक्यातल्या ग्रुप अ‍ॅडमिननी एक सुरुवात करावी. बिननावाचा लेख आला, की अंगठा दाखवण्याआधी खाली विचारायचं, 'दादा, हे लिहिलं कुणी?'