गोळी कोण निवडतो?

ऊसतोडीच्या फडावर पहाटेपासून राबणाऱ्या बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. लघवीला जळजळ सुरू झाली, की डॉक्टरची फी आणि बुडणारी मजुरी या दोहोंच्या धाकाने ती औषधाच्या दुकानाची पायरी चढते. तेथे दोन-तीन गोळ्या मिळतात. दुखणे ओसरते, पण चिवट जंतू मागे उरतात आणि त्याच औषधाला दाद देईनासे होतात. याचा दोष तिच्या अज्ञानावर ढकलणे सोयीचे आहे. न्याय्य मात्र नाही.

मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतांशी ई. कोलाय या जंतूमुळे होतो. भारतात या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे निष्प्रभ ठरत असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहण्या सांगतात. उलट 1953 पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर अद्याप गुणकारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या वर्गवारीत ते प्रथम वापरावयाच्या गटात आहे, तर सिप्रोफ्लॉक्सासिन जपून वापरावयाच्या गटात आहे. अर्थात नायट्रोफ्युरँटॉइन सर्वांसाठी नाही. ताप व कुशीत वेदना असल्यास, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असल्यास, ते पुरे पडत नाही. अशा वेळी, तसेच गरोदरपणी, लघवीतील जंतूंची तपासणी करूनच उपचार ठरवला पाहिजे.

परंतु ही तपासणी ग्रामीण भागात कितीजणींच्या आवाक्यात आहे? 2013 साली ‘एच-1’ अनुसूची आणून काही प्रबळ प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद बंधनकारक करण्यात आली. नियम योग्यच होता. पण जेथे डॉक्टर आणि प्रयोगशाळाच दूर, तेथे केवळ दुकानदारावर पहारा बसवून काय साधणार? 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज तो योग्य औषध मिळण्याचा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नायट्रोफ्युरँटॉइनचा नियमित साठा, तालुक्याच्या ठिकाणी जंतुतपासणीची मोफत सोय, आणि फडावर स्त्रियांसाठी शौचालय व पिण्याचे पाणी. यांतील तिसरी मागणी वैद्यकीय नाही असे कोणी म्हणेल. वस्तुतः पहिला उपचार तोच आहे.