झिजलेले रबर आणि कारागिराची मजुरी

आपल्यापैकी बऱ्याच व्यापाऱ्यांकडे आजही जुनी गाडी आहे. कोणी तिच्यातून कापडाचे तागे नेतो, कोणी नमुने, कोणी हार्डवेअरचा माल. हप्ते केव्हाच फिटलेले असतात आणि धंद्याला ती पुरते. अशा गाडीचा गिअरचा दांडा ढिला होणे ही घरोघरची तक्रार आहे. तिच्यावर कोणाचे काही शे रुपये खर्च होतात, कोणाचे बारा-पंधरा हजार. एवढा फरक का पडतो आणि त्यात आपला स्वतःचा दोष किती, याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. गेल्या पावसाळ्यात मालेगावहून नाशिकला जात असताना राहुड घाटाच्या चढावर दुसरा गिअर आपोआप सुटला. इंजिन नुसतेच ओरडू लागले आणि गाडी जागीच थबकली. मागे भरलेला ट्रक होता. त्याच्या चालकाने वेळीच स्टिअरिंग वळवले म्हणून निभावले. नाशिकच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने खाली वाकूनही न पाहता सांगितले, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल, चौदा हजार धरून चला.’ मी गाडी तशीच, दांडा हाताने धरून, सावकाश मालेगावला आणली आणि आमच्या जुन्या मिस्त्रींकडे लावली.

उस्तादांनी काय केले ते नीट सांगतो, कारण लेखाचा मुद्दा त्यातच आहे. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली लोखंडी घोड्या दिल्या. मला सीटवर बसवून ते म्हणाले, ‘सेठ, दांडा हळूहळू हलवत राहा.’ स्वतः बॅटरी घेऊन गाडीखाली गेले आणि दांड्याची हालचाल नेमकी कुठे हरवते ते पाहू लागले.

या गाडीत गिअरबॉक्स पुढे इंजिनाला लागून असतो आणि दांडा मागे, दोन सीटच्या मध्ये. दोघांना जोडणारे दोन रॉड गाडीच्या तळाखालून जातात. एक रॉड गिअर बदलतो. दुसरा गिअरबॉक्सला बोल्टने बसवलेला असतो आणि दांड्याची बैठक जागेवर धरून ठेवतो. या दुसऱ्या रॉडचे मागचे टोक रबरी माऊंटिंगमधून गाडीच्या तळाला टांगलेले असते. हे रबर फाटले की बैठकच डुलू लागते. चढावर इंजिन हिसका देते, बैठक सरकते आणि अर्धवट पडलेला गिअर सुटतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. रबर पत्र्यापासून सुटले होते आणि बैठकीतला नायलॉनचा बुशही झिजला होता. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

कापडाच्या धंद्यातल्यांना हे समजणे अवघड नाही. मागावर ताण्याचे धागे वारंवार तुटू लागले की नवखा माणूस सुताला दोष देतो. जाणकार जॉबर आधी फणी पाहतो, धोटा पाहतो, मगच सुताकडे वळतो. गाडीचेही तसेच आहे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना करकरतात, तर आधी क्लच पूर्ण सुटतो का, त्याची केबल नीट आहे का, हे पाहावे. एकाच गिअरला करकर असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आत असतो. पण इंजिन बंद असतानाही दांडा सगळीकडे डुलत असेल, तर आधी बुश, सांधे आणि माऊंटिंग तपासावे. इंजिनाची माऊंटिंगही याच वेळी पाहून घ्यावी, कारण ती बसली असतील तर नवे रबरही लवकर फाटते. एवढ्या तपासणीला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवण्यासाठी लोक चौदा हजारांचे काम काढतात.

दुरुस्तीतही समज लागते. काही ठिकाणी फाटक्या माऊंटिंगला ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून तार आवळतात. गाडी घरी आणण्यापुरते ते ठीक, कायमचे नव्हे. काहीजण लेथवर कडक नायलॉनचा तुकडा घडवून रबराच्या जागी बसवतात. बैठकीच्या बुशाला नायलॉन चालते. माऊंटिंगचे काम मात्र धक्का पिण्याचे आहे, तिथे कडक तुकडा बसवला की इंजिनाची सगळी थरथर दांड्यात येते. उस्तादांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपून मागे आले होते आणि तेलानेच रबर फुगून मऊ पडले होते. आधी सील बदलले, मग रबर. बसवताना साध्या ग्रीसऐवजी साबणाचे पाणी लावले, कारण साधे ग्रीसही रबर खाते. शेवटी गाडी चाकांवर उतरवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून बोल्ट पक्के केले, म्हणजे रबराला पीळ राहत नाही. माऊंटिंग जिथे बसते तो पत्रा गंजला असेल, तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तुकडा जोडावा लागतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढणे आणि तळाखालून जाणारी पेट्रोलची नळी सांभाळणे, यात हयगय जिवावर बेतते.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथून लोखंडी भाग जरूर घ्यावा, पण जुने रबर घेऊ नये. रबर वापरात नसले तरी वयाने कडक होते.

आता हिशेबाकडे येऊ. उस्तादांनी रबर, बुश आणि सील यांचे सव्वासहाशे लावले आणि मजुरीचे नऊशे मागितले. आणि मी, तीस वर्षे बाजारात बसलेला माणूस, म्हणालो, ‘माल सव्वासहाशेचा आणि मजुरी नऊशे?’ ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘सेठ, गिअरबॉक्स उतरवला असता तर तुम्ही चार हजार मजुरी हसत दिली असती. मी तो उतरवला नाही, म्हणून नऊशे जास्त वाटतात.’ मी निरुत्तर झालो. पैसे दिले, पण घरी येईपर्यंत मान खाली होती. त्यांचा मुलगा हे काम शिकत होता. दोन वर्षांपूर्वी तो पार्सल पोहोचवण्याच्या नोकरीला लागला. तिथे निदान कोणी मजुरीची घासाघीस करत नाही, असे तो म्हणतो.

आपण मालाची किंमत देतो, नजरेची देत नाही. मग कारागीर काय करणार? दोष शोधण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो भाग बदलण्याचे पैसे घेतो. गरज नसलेले भाग बदलले जातात आणि आपण म्हणतो, मिस्त्री लुटतात. ही सवय आपणच लावली आहे.

कायद्याचा वारा मात्र छोट्या कारागिराच्या बाजूने वाहू लागला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुली न ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, पण प्रश्न ऐरणीवर आला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारगाड्याही घेतल्या. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले. म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर ती नीटच ठेवावी लागेल. काम कारागिराकडे येणार आहे, प्रश्न ते करायला तो उरेल का, एवढाच आहे.

म्हणून दोन्ही बाजूंना विनंती आहे. व्यापारी बंधूंनी तपासणीची मजुरी वेगळी द्यावी, दुरुस्ती पुढे करायची ठरो वा न ठरो. काम न वाढवता दोष सापडला तर ती आनंदाने द्यावी. कारागीर बंधूंनी तपासणीचा दर आधी सांगावा, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावा, माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून बिल द्यावे आणि किती दिवसांची हमी ते त्यावरच नोंदवावे. बिल नाही, भाव ठरलेला नाही, अशाने विश्वास बसत नाही आणि विश्वासाशिवाय मजुरी वाढत नाही.

परवा पुन्हा राहुड घाट चढलो. दुसरा गिअर जागेवर राहिला. येताना उस्तादांकडे थांबलो आणि सांगितले की दुकानाच्या दुसऱ्या गाडीचीही तपासणी करा, मजुरी तुम्ही सांगाल ती. त्यांनी डायरी काढून तारीख लिहिली.