रविवारचा ओटा कोरडा राहू द्या

घरातल्या सगळ्यांच्या पानात तव्यावरची गरम पोळी पडते, फक्त ती लाटणारीच्या पानात पडत नाही. ती बसते तोवर आमटी निवलेली असते, भाजी तळाला गेलेली असते आणि कुणी तरी हात धुऊन उठलेलं असतं. हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आठवड्यातून एक संध्याकाळ, नाहीच जमलं तर पंधरवड्यातून एक, स्वयंपाकघराचा ओटा कोरडा ठेवा आणि घरात रोज रांधणारीला बाहेर खायला घेऊन जा.

मी वाढदिवसाच्या मोठ्या हॉटेलाबद्दल बोलत नाही. तिथे जाणं होतंच. मी म्हणतो ते नाक्यावरच्या भेळेबद्दल, गाडीवरच्या डोशाबद्दल, इराण्याकडच्या बनमस्का आणि चहाबद्दल. कढईतला वडा झाऱ्यावरून थेट तिच्या हातातल्या बशीत यावा, आणि पहिली बशी तिचीच असावी. मोबाइलवरून मागवलेल्या जेवणानं हे साधत नाही. डबे उघडायचे कुणी, ताटं घ्यायची कुणी, मागचं आवरायचं कुणी, या प्रश्नांची उत्तरं तीच राहतात. शिवाय डब्यात कोंडलेला डोसा घरी येईपर्यंत मऊ पडतो आणि वडा ओलसर होतो.

एकेकाळी बायकांनी चारचौघांत बसून खाणं लोकांना रुचत नसे. म्हणून आपल्याकडच्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ची पाटी असे आणि आडोशाला पडदा. तो पडदा आता गेला, पण ‘माझं वेगळं काही मागवू नका, तुमच्यातलाच एक घास घेईन’ हे वाक्य अजून गेलेलं नाही. ते ऐकू नका. तिची पूर्ण प्लेट मागवा.

जागा प्रत्येक गावात आहेत. नाशिककर रविवारी सकाळी मिसळीसाठी शहराबाहेरच्या मळ्यांकडे जातात. चुलीवरचा रस्सा, जोडीला पापड, दही, जिलेबी, आणि मुलांना पळायला मोकळी जागा. कोल्हापुरात खासबागेजवळची भेळ आहे, दादरला प्रकाशकडचा साबुदाणा वडा आणि पियूष आहे. मुंबईतच धोबीतलावला 1904 सालापासूनचं कयानी हे इराणी हॉटेल आहे. तिथे चहा आणि मावा केकवर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचं पोट खूश होतं आणि खिशालाही फार तोशीस पडत नाही. तुमच्या गावातली जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

पण नेताना डोळे उघडे ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी कुणाचं पोट बिघडलं तर निस्तरायलाही तीच उठते. जे समोर उकळतं, तळलं जातं किंवा तव्यावर भाजलं जातं, ते सहसा सुरक्षित. घोटाळा होतो तो पाण्यानं, बर्फानं, तासन् तास उघड्या राहिलेल्या हिरव्या चटणीनं आणि आधीच चिरून ठेवलेल्या कांदा-काकडीनं. म्हणून पाणीपुरीवाल्याला पाणी कुठलं, हे सरळ विचारा. चांगला गाडीवाला रागावत नाही, कॅन दाखवतो. पैसे घेणारा हात आणि पुरी फोडणारा हात एकच असेल तर पुढच्या गाडीकडे चला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा, असा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे. तेव्हा गोळ्याच्या किंवा उसाच्या रसाच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर मुलांना तिथून हलवा. कढईतलं तेल काळं, दाट झालेलं असेल आणि वडा टाकताच भसाभसा फेस येत असेल, तर ते फार वेळा तापलेलं आहे असं समजा. भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि खाद्यपदार्थांसाठी तो कागद वापरायला बंदीही आहे. घरून स्टीलचा डबा नेलात तर प्रश्नच मिटतो. पावसाळ्यात पाणीपुरी आणि उघड्या चटण्या सोडून मक्याचं भाजलेलं कणीस किंवा गरम भजी बघा.

आणखी एक गोष्ट पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. बाहेर जायचं म्हटलं की बायका दुपारपासून पाणी कमी पितात, कारण तिथे स्वच्छतागृह असेल की नाही याची खात्री नसते. ही चौकशी तुम्ही आधीच करा. घरात आजी असेल तर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलापेक्षा पाठ टेकता येईल अशी खुर्ची शोधा. गुडघे दुखत असताना उभ्यानं खाण्यात कसला आनंद? मिसळ घ्यायची असेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे आजी आणि नातू दोघांचं भागतं. रविवारी रात्री आठनंतर सगळीकडे रांगा लागतात, म्हणून सहालाच निघा. लवकर खाल्लेलं म्हाताऱ्यांना पचतंही.

कॅफेत गेलात तर बिल वाचा. सेवाशुल्क आपोआप बिलात धरता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. ते काढून टाकायला न लाजता सांगा, आणि ज्या पोऱ्यानं मनापासून वाढलं त्याच्या हातात तुम्हाला वाटेल ते द्या. गाडीवाल्याशी मात्र पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. सुटे पैसे बरोबर ठेवा, पानं-द्रोण डब्यात टाका, आणि मागे माणसं ताटकळत असतील तर खाऊन झाल्यावर जागा मोकळी करा.

पुढच्या वेळी कुठे जायचं ते तिला ठरवू द्या. विचारलंत की पहिलं उत्तर ‘कुठेही चालेल’ असंच येईल. इतकी वर्षं तिला कुणी विचारलेलंच नसतं. तेवढ्यावर थांबू नका. दोन जागांची नावं सांगा, त्यातली एक निवडायला लावा, आणि तिनं सांगितलेली जागा तुम्हाला आवडत नसली तरी तिथेच जा.