वॉकीटॉकी मुकी का झाली?

मुलांनो, बंदोबस्तावरच्या पोलीसकाकांच्या हातात तुम्ही वॉकीटॉकी पाहिली असेल. आमच्या शाळेत तिची खेळण्यातली जोडी आहे. क्रीडास्पर्धांच्या दिवशी मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला निरोप द्यायला ती फार उपयोगी पडते.

यंदा चौथीतल्या एका मुलाला मी ती कपाटातून आणायला पाठवलं. जिन्यात त्याच्या हातून पिशवी निसटली आणि नेमका एक संच सुरूच होईना! जुने सेल काढून नवे घातले, तरी ढिम्म. "बाई, यानंच मोडला!" वर्गात एकच गिल्ला. "बाई, एकाच पायरीवरून पडली हो," तो सांगत होता. पण मीही त्याला रागावले.

मधल्या सुट्टीत त्यालाच शेजारी बसवून संच उघडायला घेतला. आधी सेल काढले, मग स्क्रू. एखादा स्क्रू सेलच्या झाकणाखाली लपलेला असतो. तो तसाच ठेवून जोर लावला, तर कवच तडकलंच म्हणून समजा! कागदावर संचाचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवला. कवचही अलगद उघडलं, कारण आत स्पीकरच्या नाजूक तारा असतात.

आत काय होतं? सर्किटची पट्टी, एरियल, बोलायचं बटण आणि स्पीकर. माइक कुठे? नव्हताच! या खेळण्यात बटण दाबलं की स्पीकरच माइकचं काम करतो आणि सोडलं की पुन्हा स्पीकर होतो. म्हणून तर एकानं बोलायचं, तेव्हा दुसऱ्यानं ऐकायचं.

पट्टीला तडा नव्हता. स्पीकरही शाबूत होता. मग त्या मुलानंच बोट दाखवलं, "बाई, ही तार हिरवी का झालीय?" सेलच्या स्प्रिंगवर पांढरी पूड साचली होती आणि तिथून निघणारी तार गंजून तुटली होती. सेल पाझरले होते! गेल्या वर्षी स्पर्धा संपल्यावर ते आत तसेच कोणी ठेवले होते? मी!

व्हिनेगरच्या बोळ्यानं स्प्रिंग पुसून कोरडी केली. रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी नवी तार सोल्डर करून दिली. दुसऱ्या दिवशी मैदानातून आवाज आला, "बाई, ऐकू येतंय का? ओव्हर." आधी सगळ्या वर्गासमोर मी त्याची माफी मागितली, मगच उत्तर दिलं. बोलायचं बटण मी त्या दिवशी सोडलंच नव्हतं, नाही का?

आज घरातली न वापरलेली खेळणी आणि टॉर्च आई-बाबांबरोबर तपासा. बरेच दिवस लागणार नसतील, तर सेल काढून ठेवा. पांढरी पूड दिसली, तर हात लावू नका. ती कातडीला आणि डोळ्यांना अपाय करते. आणि घरच्या विजेवर चालणारी वस्तू कधीही उघडायची नाही हं!

जाता जाता एक गंमत. सिनेमात 'ओव्हर अँड आऊट' म्हणतात ना, ते चूक आहे. 'ओव्हर' म्हणजे आता तुम्ही बोला आणि 'आऊट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं चालेल? तुम्हाला काय सापडलं ते मला जरूर कळवा. ओव्हर!