शेतरक्षणाच्या बंदुकीचा जड चाप

भाताच्या लोंब्या भरू लागल्या की आपल्या पालघर तालुक्यातील खाचरांवर रात्रीची राखण सुरू होते. माकुणसार, सफाळे या बाजूस ज्यांची भाते डोंगराच्या उतारास लागून आहेत, त्यांस रानडुकरांचा उपद्रव काय असतो हे सांगावयास नको. वर्षाचे श्रम एका रात्रीत मातीस मिळतात. अशा शेतकऱ्यांपैकी काहींजवळ परवान्याची बंदूक असते. कोणाची ठासणीची, कोणाची बारा बोअरची एकनळी अथवा दुनळी. हे बंदूकवाले एकत्र जमले म्हणजे एक तक्रार हटकून निघते, ती ही की, चाप फार जड आहे, तो जरा हलका करून घेतला पाहिजे. गोष्ट लहान दिसते. परंतु तिच्यापायी घरे बुडू शकतात, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. जड चाप हा दोष खरा, आणि तो काढावा हेही खरे. परंतु तो घरी कानशीने काढू नये, आणि चाप किती हलका करावयाचा याची मर्यादा आधी ठरवावी. जड चापाने नेम चुकतो. फाजील हलक्या चापाने माणूस जातो.

जड चापाने नेम का चुकतो ते पाहा. सामान्य दुनळी बंदुकीचे सारे वजन साडेसहा ते सात पौंड असते. तिचा चाप ओढण्यास आठ पौंडांचा जोर लागत असेल, तर बंदुकीच्या वजनाहून अधिक जोर एका बोटाने करावा लागतो. मग बार उडण्यापूर्वीच नळी हलते. छर्रे जनावराच्या मर्मी न लागता मागच्या अंगास लागतात, आणि जखमी डुक्कर झुडपात शिरते. जखमी डुकरासारखे भयंकर जनावर नाही. सकाळी गवतास गेलेल्या बाईमाणसावर ते उलटले तर तो दोष कोणाचा?

आता चापाची आतील रचना थोडक्यात सांगतो. घोड्याच्या बुडाशी एक खाच असते आणि तीत एका लहान तरफेची धार अडकते. या तरफेस आपण येथे खिटी म्हणू. घोडा चढविला म्हणजे मोठ्या कमानीचा सारा ताण त्या खाचेत अडकलेल्या धारेवर राहतो. चाप ओढला की खिटी खाचेतून निसटते आणि घोडा पडतो. ही पकड तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी असते. भरलेली बंदूक आणि तुमचे मूल यांच्यामध्ये एवढेच पोलाद उभे असते, हे ध्यानात धरावे.

चाप जड होण्याची कारणे अनेक, आणि त्यांतील पुष्कळशी निरुपद्रवी असतात. आपल्याकडील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी आतील भागांस गंज चढतो. वर्षानुवर्षे ओतलेले तेल सुकून त्याचा चिकटा होतो. निवडणुकीच्या काळात बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा असतात. तेथून परत आल्यावर त्या न पुसताच पुष्कळजण खुंटीस टांगतात. पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड फुगून चापास घासते, हेही एक कारण होय. ही कारणे केवळ नीट साफसफाईने दूर होतात. राहिलेली कारणे, म्हणजे खाच फार खोल असणे, तिचा पृष्ठभाग खडबडीत असणे अथवा तिचा कोन वाकडा असणे, ही मात्र कारागिराच्या हातची आहेत. बाहेर घोडा असलेल्या बंदुकीत कोनाची परीक्षा सोपी आहे. बंदूक रिकामी करून, नळ्यांत खोटी काडतुसे घालून, चाप अगदी सावकाश ओढावा. घोडा पडण्यापूर्वी किंचित मागे उचलला जात असेल, तर खाचेचा कोन वाजवीपेक्षा अधिक आत वळलेला आहे असे समजावे.

येथे आमचा अनुभव सांगणे प्राप्त आहे. आमच्या घरच्या जुन्या दुनळीचा चाप असाच जड होता. लोहारकाम जाणणाऱ्या एका गृहस्थाने तो अर्ध्या तासात कानशीने 'लोण्यासारखा' करून दिला, आणि आम्हीही खूष झालो. एक हंगाम काही झाले नाही. दुसऱ्या हंगामात माळ्यावरून उतरताना दस्ता बांबूच्या पायरीवर आपटला आणि चापास कोणाचेही बोट नसता बार उडाला. छर्रे माळ्याच्या छपरातून गेले. खाली आमचा धाकटा भाऊ कंदील धरून उभा होता. तो दोन हात अलीकडे होता म्हणून वाचला. पुढे जाणत्या कारागिराने बंदूक उघडून दाखविले, तेव्हा कारण कळले. खिटीचे व खाचेचे पोलाद वरच्या पातळ थरापुरतेच कठीण केलेले असते. कानस तो थर काढून टाकते. मग आतील मऊ पोलाद दिवसेंदिवस झिजते आणि एके दिवशी पकड सुटते. अशा वेळी 'सेफ्टी लावली होती' हे समाधान फोल आहे. पुष्कळशा सामान्य बंदुकांत सेफ्टी केवळ चापास अडविते. खिटी आपोआप सुटली तर घोड्यास ती अडवीत नाही.

मोठी कमान नरम करून चाप हलका करण्याची युक्तीही तितकीच वाईट. घोड्याचा आघात कमी पडतो, टोपी फुटत नाही किंवा क्षणभर उशिरा फुटते, आणि बार फुकट गेला असे समजून बंदूक उघडणाराच्या तोंडावर संकट येते.

मग मर्यादा कोणती? दुनळीचा पुढचा चाप साडेतीन ते चार पौंड आणि मागचा चार ते साडेचार पौंड असावा, हे जुन्या कारागिरांचे प्रमाण आम्हांस मान्य आहे. पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा बार सुटू नये म्हणून मागचा चाप थोडा जड ठेवितात. रात्रीच्या राखणीस, थंडीने बधिर झालेल्या बोटांस, याहून हलका चाप आम्ही कधीही सुचविणार नाही. माप घेण्यास साधा ताणकाटा पुरतो. रिकाम्या बंदुकीच्या चापास तो अडकवून पाचसहा वेळा सरळ मागे ओढावा व सरासरी घ्यावी. दुरुस्तीनंतर रिकाम्या बंदुकीचे घोडे चढवून दस्ता गोणपाटाच्या घडीवर आपटून पाहावा. घोडा पडला तर बंदूक तशीच परत करावी.

कायद्याची बाजूही विसरू नये. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यासही परवाना लागतो. म्हणून काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. तसेच 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा शौक संपला आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरावर बार टाकावयाचा तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

कोणी म्हणतील की, कारागीर दूर, त्याची मजुरी जड, आणि कानस घरात आहे. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच आमची संघास सूचना आहे की, परवानाधारक सभासदांनी दरवर्षी श्रावणात, भात पोटरीस येण्यापूर्वी, एकमताने एक दिवस ठरवावा आणि आपापल्या बंदुका स्वतः घेऊन एकाच कारागिराकडे तपासणीस जावे. एकत्र काम दिल्यास मजुरीही बेताची पडेल. एक ताणकाटा संघाच्या कचेरीत ठेवावा. नांगराचा फाळ आपण पेरणीपूर्वी शेवटून घेतो. बंदुकीची काळजी तरी त्याहून कमी का असावी? पीक गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा येते, एवढे सांगून लेखणी खाली ठेवितो.

— माकुणसारचा एक शेतकरी