कॉलेजचा कट्टाही आरोग्याचाच भाग

बारावीचे निकाल लागले की घराघरांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. कटऑफ किती, फी किती, पुढे नोकरी लागेल का, हे प्रश्न सगळेच पालक विचारतात. तास संपल्यावर मुलांना कॉलेजात बसायला जागा आहे का आणि मुले तिथे थांबतात का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. कॉलेजचा कट्टा म्हणजे टवाळक्या, असे आपण धरून चालतो. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर ही समजूत बदलायला हवी.

भिवंडीचेच पाहा. इथल्या कॉलेजांतून मिळणारी पदवी मुंबई विद्यापीठाची. पण १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मोठे आवार कालिन्याला. तिथले ग्रंथालय, तिथली झाडे, तिथली उपाहारगृहे भिवंडीच्या मुलांच्या रोजच्या आयुष्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे धामणकर नाक्याजवळचे बीएनएन किंवा घराजवळचे दुसरे कॉलेज. दिवा-वसई मार्गावरचे भिवंडी रोड हे स्टेशन आहे खरे, पण तिथे उपनगरी लोकलसारखी दर पाच मिनिटांनी गाडी नाही. तालुक्यातल्या गावांतून येणारी मुले एसटीने, शेअर रिक्षाने किंवा दुचाकीवरून, गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगांतून वाट काढत पोहोचतात. कोणाला तासानंतर गोदामात किंवा दुकानात कामाला जायचे असते, कोणाला घरच्या यंत्रमागावर हात लावायचा असतो. मुलींना तर ‘कॉलेज सुटले की थेट घरी’ अशी ताकीदच असते. त्यामुळे कॉलेज म्हणजे यायचे, हजेरी लावायची आणि निघायचे. एकाच वर्गात तीन वर्षे काढूनही मागच्या बाकावरच्या मुलाचे नाव ठाऊक नसते.

यात आरोग्याचे काय बिघडते? एकटेपणा म्हणजे नुसते एकटे असणे नव्हे. आपल्याला हवी तशी नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांच्यातली दरी म्हणजे एकटेपणा. म्हणून तो भरल्या वर्गातही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की, जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि किशोरवयीन व तरुणांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतली तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची सामाजिक नाती भक्कम होती, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. ताण दीर्घकाळ एकट्याने सोसावा लागला की झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

मग मैत्री करा, असे सांगून भागेल का? भागणार नाही, कारण मैत्रीला वेळ लागतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा अंदाज बांधला. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावे इतके जवळ यायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास. शिवाय नुसते एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, खाणेपिणे यांतले तास मोजायचे. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्याकडे आकडे मागेपुढे होतील. पण हिशेब करून पाहा. कॉलेजात वर्षाला शिकवण्याचे साधारण १८० दिवस धरले जातात. रोज अर्धा तास मोकळा मिळाला तर वर्षाला ९० तास होतात. म्हणजे रोजच्या अर्ध्या तासात वर्षभरात एक मित्र जोडता येतो. तो अर्धा तासच कापला गेला तर तीन वर्षांतही ओळख ‘काय, कसा आहेस’च्या पुढे जात नाही.

जिवलग नसले तरी चालते, हेही लक्षात घ्या. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१४ च्या एका अभ्यासात, ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलणे झाले, त्या दिवशी विद्यार्थ्यांना अधिक आनंदी आणि ‘आपण इथले आहोत’ असे वाटले. एखादा मुलगा चार दिवस दिसला नाही, तर ‘कुठे होतास रे?’ असे विचारणारे कोणीतरी लागते. मन खचत चालल्याची पहिली चाहूल डॉक्टरांच्या आधी याच लोकांना लागते.

भिवंडीला तर याचे महत्त्व कोणी वेगळे सांगायला नको. आगरी, कोकणी मुसलमान, उत्तरेतून आलेले अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली अशा अनेक समाजांच्या या गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसल्या. १९८८ मध्ये तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, शेजाऱ्यांना नियमित एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. मोठ्यांसाठी जे काम त्या बैठकांनी केले, तेच तरुणांसाठी कॉलेजचे आवार करू शकते. वस्त्या आणि शाळा भाषेप्रमाणे वेगळ्या असतात. ही मुले एका छताखाली येतात ती अनेकदा कॉलेजातच.

यावर काही आक्षेप येतील. जागा नाही, पैसा नाही, मुले बिघडतील. पण यासाठी कालिन्याएवढे आवार लागत नाही. वेळापत्रकात सगळ्या वर्गांना एकाच वेळी अर्ध्या तासाची सुट्टी द्या, म्हणजे वाणिज्यचा मुलगा विज्ञानाच्या मुलाला भेटेल. वाचनालय तास संपल्यावरही उघडे ठेवा. सावलीत चार बाक टाका. पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह ही तर पहिली अट. ते नसेल तर मुली पाणीच कमी पितात आणि लवकर घरी जातात. राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, नाटक यांची वेळ बस आणि कामाच्या वेळा पाहून ठरवा.

समुपदेशकाबाबत तर आता टाळाटाळ करायला जागाच नाही. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे आणि कधी भेटतो, हे विचारायचा हक्क विद्यार्थ्यांना आणि पालकांना आहे. तोवर ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते.

पालकांसाठीही एक सांगणे. मुलगी कॉलेजातून अर्धा तास उशिरा आली तर ‘कुठे होतीस?’ याबरोबर ‘कोणाशी बोललीस?’ हेही आपुलकीने विचारा. तिला चार नावे सांगता आली, तर तो अर्धा तास वाया गेलेला नाही.